उलट्या विहिरीवरचं झाकण

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. घरातल्यांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही, आणि चौकीतल्या त्या जमादारानं तर मला बसायला स्टूलसुद्धा दिलं नाही. चौथी शिकलेली बाई, तिला बोगद्यातली हवा काय कळणार! बरं, नसेल कळत. पण नाक मलाही आहे. आता दिव्यापाशी निवांत बसलाच आहात तर ऐका. ऐकून झाल्यावर खोटं म्हणायचं असेल तर म्हणा. मला सवय आहे.

नागपूरची राजधानी गेली तेव्हा कचेऱ्यांच्या फायलींबरोबर आम्हीही भोपाळला आलो. आमचे हे, म्हणजे शांताराम, सचिवालयात कारकून. टेकडीवर नव्या क्वार्टरांची एक ओळ बांधली होती, त्यातलं शेवटचं आमच्या वाट्याला आलं. जागा छान होती. खाली तलाव. थंडीत तलावावरचं धुकं चढत चढत आमच्या पायरीशी येऊन बसायचं. मी तुळस लावली, परसात दोरी बांधली, आणि मनाशी म्हटलं, आता इथून हलायचं नाही.

मग टेकडीखालून बोगदा काढला. पलीकडे मोठा कारखाना उभा राहत होता. त्याचं सामान नेणारे ट्रक आधी टेकडीला वळसा घालून जायचे, ते आता तिच्या पोटातून जाऊ लागले. त्यांचा धूर बाहेर पडावा म्हणून बोगद्यापासून वर माथ्यापर्यंत एक सरळ भोक पाडलं होतं. वर गोल दगडी कठडा, अगदी विहिरीसारखा. विहिरीत वाकलं की तोंडावर गारवा येतो, इथे ऊन धूर यायचा. मी तिला उलटी विहीर म्हणायची. ती आमच्या परसाला इतकी लागून होती की वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर वाऱ्यानं उडून कठड्याला लागायचा.

ती विहीर तिथेच हवी हे ठरवलं आमच्या धाकट्या दिरानं. नरहर. बांधकाम खात्यात इंजिनिअर, घराण्यातला पहिला. रविवारी चहाला यायचा आणि कौतुकानं खिडकीतून तिच्याकडे बघायचा.

"वहिनी, ती बोगद्याची फुप्फुसं आहेत."

"मग त्याचा श्वास माझ्या परसात कशाला सोडता, भाऊजी?"

सगळे हसले. तोही हसला. "धूर हलका असतो. तो वर जातो, खाली येत नाही."

"हे माझ्या पापडांना समजावून सांगा," मी म्हटलं. कारण पापड वाळत घातले की संध्याकाळी त्यांच्यावर काळं पीठ चाळल्यासारखं दिसायचं. क्वार्टरांच्या मोऱ्यांचं पाणीही त्याच विहिरीच्या भिंतीत सोडलं होतं, वेगळी नाली खणायची कटकट नको म्हणून. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

त्या हिवाळ्यात आमची शशिकला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक लेक. जावई बरखेड्याला, कारखान्याच्या वसाहतीत. बाळंतपण करायला नागपूरहून वन्सं आल्या, यांच्या थोरल्या बहीण, रत्नप्रभाबाई. त्यांच्या हाताखालून पन्नासभर बाळंतिणी सुखरूप उठल्या होत्या. मुलगा झाला. वन्संनी मागची खोली ताब्यात घेतली आणि मला दारात उभं करून हुकूम सोडला, "कमल, इथे आता माझं राज्य."

खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. परसाकडच्या दाराला आतून कडी, वर पोतं. बाजेखाली शेगडी. खोलीतल्या मोरीत न्हाऊ घातलं की निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या साली टाकून धुरी. मायलेकरं त्या धुरात दिसेनाशी व्हायची. माझं बाळंतपण असंच झालं, माझ्या आईचंही असंच. त्यात काही चुकीचं नव्हतं. पण ज्या खोलीत धूर असायचाच, तिथे दुसरा धूर शिरला तर तो ओळखायचा कुणी?

मी ओळखला. धुरीचा धूर डोळ्यांना झोंबतो, पण घशात गोडसर राहतो. हा तसा नव्हता. घासलेट आणि तापलेलं लोखंड. मोरीपाशी जास्त. बाळाचं पाणी ओतलं की मोरी ते गुळगुळ करत गिळायची, मग गप्प व्हायची. आणि बऱ्याच वेळानं खालून एक लांब उसासा यायचा.

"वन्सं, मोरीतून धूर येतोय."

"मोरीतून पाणी जातं. धूर तुझ्या डोक्यातून येतोय."

"बाळाच्या नाकाशी बघा, काळं..."

"काजळ आहे ते. मीच घातलंय. पुसू नकोस."

ओळीतल्या बायका बाळ बघायला आल्या. म्हणाल्या, काय गुलाबी गाल आहेत! आणि रडत कसं नाही, गुणाचं गं बाई! शशिकलाचेही गाल तसेच, बोहल्यावर चढलेल्या मुलीसारखे. वन्संना धन्य वाटलं. मला नाही. पोर भुकेनंसुद्धा रडत नव्हतं. आणि शशिकला दिवसभर कपाळ दाबून म्हणायची, "आई, डोकं किती जड झालंय गं... नुसती झोप येते."

एका सकाळी ओवा संपला. ओळीच्या दुसऱ्या टोकाला मनोरमाबाई राहायच्या, त्यांच्याकडून आणायला निघाले. परसातून गेलं की वाट जवळ पडते. धुकं होतं, गवतावर दंव साचलं होतं. उलट्या विहिरीच्या कठड्याला टेकून एक बाई बसली होती. मजुरीण. अंगावर निळी जाडीभरडी ओढणी, हातात चांदीचं कडं, मनगटावर गोंदलेला विंचू. मला वाटलं, ऊब घेत असेल.

"जच्चा है न तुम्हारे यहाँ?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली. जच्चा म्हणजे बाळंतीण.

"तेरे को कौन बोला?" माझं हिंदी हे असं.

"अजवाइन की बास आती है. नीचे तक."

नीचे म्हणजे कुठे, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी विचारलं, "तू कहाँ रहती?" तिनं कठड्यावर तळवा ठेवला. आपल्या घराच्या उंबऱ्यावर ठेवावा तसा.

"उसको बाहर सुलाओ, बाई. साहब फिर ढक्कन लगाएगा..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या तोंडातून काही निघत नव्हतं. मी पदर सावरायला खाली बघितलं, वर बघितलं तर कठड्यापाशी कुणी नव्हतं. ती बसली होती तिथे गवतावरचं दंव जसंच्या तसं होतं.

मी तशीच धडपडत मनोरमाबाईंकडे गेले. त्यांचे यजमान बोगद्याच्या कचेरीत होते. मी विंचू म्हटल्याबरोबर त्यांनी दार लोटून घेतलं.

"खोदकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट," त्या हळूच म्हणाल्या. "एक मजुरीण आत बोगद्याच्या कपारीतच बाळंत झाली. बाहेर थंडी, म्हणून तिथेच राहिली. शेगडी पेटवली होती. सकाळी दोघं गेलेली... कागदावर लिहिलं, शेगडीनं गुदमरली."

"आणि खरं?"

"मला काय माहीत, बाई. पण आदल्या दिवशी कुणी बडा अधिकारी पाहणीला आला होता. धूर दिसू नये म्हणून वर फळ्या टाकल्या होत्या, म्हणतात. आत यंत्रं चालूच... तुम्ही हे माझ्याकडून ऐकलं नाही हं!"

रविवारी नरहर चहाला आला. मी सगळ्यांसमोर त्या बाईबद्दल सांगितलं. हे म्हणाले, जागरणानं तुझं डोकं फिरलंय. वन्सं म्हणाल्या, मीठमोहऱ्या उतरवून टाक. नरहर हसत होता.

"कशी होती, वहिनी? पाय उलटे होते का?"

"पाय नाही बघितले. मनगटावर विंचू होता."

त्यानं कप बशीत ठेवला. बशी वाजली. "मजुरांच्या बायका बसतात तिथे," तो म्हणाला. "हाकलायला सांगतो." आणि अर्धा चहा तसाच टाकून गेला.

त्यानंतर बातमी आली, दिल्लीहून मोठे पाहुणे बोगदा बघायला येणार. टेकडीच्या माथ्यावर शामियाना पडला. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी मी परसात गेले, तर माणसं विहिरीच्या तोंडावर फळ्या ठोकत होती. वर ताडपत्री, त्यावर लाल कापड, आणि त्यावर शेवंतीच्या कुंड्या ओळीनं. कुणी म्हटलं नसतं खाली भोक आहे म्हणून.

"काढा ते!" मी ओरडले.

"साहब का हुकुम है, अम्मा. मेहमानों की नाक में धुआँ नहीं जाना चाहिए."

मी घरात धावले. खिडकीतल्या चिंध्या उपटून काढल्या. वन्सं हातात डिंकाचा लाडू घेऊन उठल्या. "वेड लागलंय का? बाळंतिणीला वारा लागला तर जन्माची अधू होईल!" आणि त्यांनी पुन्हा चिंध्या भरल्या. त्यांचंही खरं होतं हो, त्यांच्या परीनं.

"शशी, ऊठ, बाहेर ओसरीवर चल."

तिनं डोळे किलकिले केले. "आई, झोपू दे ना... तू जाऊ नकोस, इथे बस."

"आत्ता येते," मी म्हटलं. "तुझ्या काकाला ते झाकण काढायला लावते आणि आत्ता येते."

आता वाटतं, तिला बाजेसकट ओढून बाहेर आणायला हवं होतं. बसायला हवं होतं निदान, तिनं बस म्हटलं होतं तर. पण माझा स्वभाव असा, आधी भांडण. मी टेकडी उतरत गेले.

बोगद्याच्या तोंडाशी बँड होता, पताका होत्या. आत सामानानं भरलेले ट्रक ओळीनं उभे, हार घातलेले, सगळ्यांची इंजिनं चालू. पाहुण्यांनी झेंडी दाखवली की एकदम निघायचे. नरहर नवा कोट घालून उभा होता.

"भाऊजी, झाकण काढा. माझी पोरगी वर आहे."

"वहिनी, इथे नको. जरासा वेळ. पाहुणे गेले की काढतोच."

मी त्याच्या कोटाची बाही धरली. लोक बघत होते, बघू देत. "विंचू गोंदलेली बाई आठवते ना तुम्हाला?"

तो वाकून माझ्या कानाशी आला. "तिनं शेगडी पेटवली होती, वहिनी... शेगडी होती तिच्याकडे."

मी शेगडीचं नावही काढलं नव्हतं.

मी परत कशी चढले मला आठवत नाही. परसाच्या वरच्या अंगाला, जिकडून वारा येतो तिकडे, एक सपाट खडक आहे. त्यावर ऊन पडलं होतं आणि ऊन पडलेल्या जागी आमचं बाळ होतं. रडत होतं. जन्मल्यापासून पहिल्यांदा घसा फाडून रडत होतं. निळ्या जाड ओढणीत गुंडाळलेलं. ओढणी उचलली तर तिच्यातून दगडाची भुकटी गळाली.

वन्सं मधल्या खोलीत लाडू वळत होत्या. "बाळ? बाळ आत आहे. मी इथून हललेलीच नाही..." मग त्यांनी माझ्या हातात बघितलं.

आम्ही दार ढकललं. परसाकडच्या दाराला आतून कडी होती, पोतं जागच्या जागी होतं. पाळणा रिकामा, जरासा हलत होता. शशिकला कुशीवर झोपली होती, उशाशी हात, गाल गुलाबी. इतकी सुंदर मी तिला कधी बघितली नव्हती. मोरीच्या भोकातून निळसर धूर वर येत होता, उदबत्तीचा यावा तसा, सावकाश. खालून बँडचा आवाज येत होता.

मी बाजेखाली हात घातला. शेगडी गार होती. राखेत बोटं खुपसली, राखही गार. निखारे केव्हाच विझलेले होते. हे मी यांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, चौकीत सांगितलं. राख गार होती हो! नरहर माझ्या शेजारी उभा राहून जमादाराला म्हणाला, "वहिनींना धक्का बसलाय." बाळ मीच बाहेर नेलं आणि विसरले, असं ठरलं. कागदावर लिहिलं, शेगडीनं गुदमरली. तेच शब्द. मी नरहरचं नाव घेऊन घेऊन घसा कोरडा केला. यांनी माझ्यापुढे हात जोडले, म्हणाले, घरातला माणूस आहे तो, नोकरी जाईल. तेव्हापासून मी त्याला भाऊजी म्हणत नाही.

खरी शिक्षा भोगली वन्संनी. त्या नागपूरला परत गेल्याच नाहीत. तेव्हापासून त्यांनी विस्तवाला हात लावलेला नाही. चुलीकडे पाठ करून बसतात, जेवण गार झाल्यावर जेवतात. "मी मारलं तिला," म्हणतात. मी किती वेळा सांगितलं, वन्सं, राख गार होती. "माझं मन राखायला सांगतेस तू," म्हणतात. माझं तोंड सगळ्या जगाशी चालतं, पण या म्हातारीपुढे मी हरले.

जावयानं दुसरा संसार मांडला, त्याला मी नावं ठेवत नाही. नातू आमच्याकडे राहिला. उदय. चालायला लागला, धावायला लागला, पण बोलला नाही. आई नाही, बाबा नाही, काही नाही. शिवाजी नगरला क्वार्टर मिळावं म्हणून यांनी अर्ज दिलाय, अजून नंबर लागत नाही. नरहरला बढती मिळाली, अरेरा कॉलनीत त्याचं घर झालं. विहिरीवर आता जाळी आहे. धूर आहेच.

आणि मोरी. उदयला न्हाऊ घातलं, पाणी गेलं, की खालून उसासा येतो. आणि उसाशामागून, अगदी दमलेला, बाईचा आवाज.

"ढक्कन किसने लगाया...?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तांब्या टाकून पळाले. मग पळायची नाही. मोरीशी वाकून नाव सांगायची, मोठ्यानं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिथेही माझ्यावर विश्वास नसावा. यांना काही ऐकू येत नाही. वन्संनाही येत नव्हतं.

परवाच्या रविवारी नरहर आला. मध्ये इतकी वर्षं गेली, कधी उंबरा चढला नव्हता. उदयसाठी पत्र्याचा ट्रक आणला होता. केस पिकले होते. मी चहा विचारला नाही. थंडी म्हणजे काय थंडी होती, परसाचं दार उघडं, धुकं आत येत होतं. वन्सं मागच्या खोलीत विळीवर भाजी चिरत होत्या. मी उदयला नुकतंच न्हाऊ घातलं होतं. नरहर दाराशी स्टूल घेऊन बसला आणि ट्रक जमिनीवर ठेवून म्हणाला, "ये, उदय. बघ, काय आणलंय मी..."

पाणी गेलं. मोरी गप्प झाली. मग तो उसासा.

"ढक्कन किसने लगाया...?"

नरहर उभा राहिला. स्टूल पडलं. "वहिनी... कोण बोललं?"

"तुम्हाला ऐकू आलं?"

विळीचा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं. वन्सं मोरीकडे बघत होत्या, कोथिंबिरीची जुडी हातात तशीच. "कमल," त्या म्हणाल्या, "कुणीतरी काही विचारतंय गं..."

उदयनं ट्रककडे बघितलंसुद्धा नाही. उघडाच, ओला, मोरीच्या कडेशी उकिडवा बसला होता. नरहर धापा टाकत होता, त्याच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. माझ्या निघत होते, वन्संच्या निघत होते. उदयच्या ओल्या अंगातून वाफ निघत होती. तोंडातून निघत नव्हती.

तो मोरीवर वाकला आणि खाली, अंधारात, स्वच्छ, सावकाश म्हणाला, "नरहर."